बिब्ब्याचा शिक्का

माझी नात हैदराबादला नोकरी करते. सुटीच्या दिवशी तिच्या घरी पाच-सहा जण जमतात, टेबलावर नकाशा पसरतात आणि संध्याकाळपर्यंत राक्षस मारत बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत चालतात आणि पुढं काय होणार ते फाशावर ठरतं. मागे मी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा ती या खेळासाठी वहीत जादूच्या वस्तू लिहीत होती. म्हणाली, "आजी, तलवारी न् अंगठ्या सगळेच करतात. काहीतरी विचित्र सांग." मी तिला चुंबळ सांगितली, पळी सांगितली, एका पायाची चप्पल सांगितली. ती भराभर लिहून घेत होती, मग तिनं मान वर केली. "तुला हे सुचतं कुठून?" सुचत नाही, आठवतं, असं मी म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करते. एक वस्तू मी तिला सांगितली नाही. ती इथं लिहिते.

आमचं गाव राजेश्वरपासून चालत तासाभरावर. गावाच्या खालच्या अंगाला आमची आळी, तेरा घरांची. माझा बाप शंकर, त्याला आम्ही अप्पा म्हणायचो, रोडच्या कामावर खडी फोडायला जायचा आणि आठवड्याच्या बाजाराला घरी यायचा. आई लोकांच्या रानात कामाला. घर चालवायची ती आत्या, अप्पाची थोरली बहीण. तिचा नवरा फार आधी गेला होता आणि ती आमच्याकडेच राहिली होती. मी चौथी पास झाले आणि माझी शाळा संपली. पुढची शाळा लांब होती, आणि घरात धाकटी कमळ सांभाळायला कुणी नव्हतं. कमळ सात वर्षांची होती, मी बारा-तेराची. ती मला अक्का म्हणायची. ती कुणाच्याही मागं लागली की सुटायची नाही, नुसतं "अक्का, अक्का" करून डोकं उठवायची. मेलेल्या लेकरांना लोक गुणी करून टाकतात. कमळ गुणी नव्हती. चोरून गूळ खायची आणि विचारलं की मांजरावर ढकलायची.

घरात एक आडवं पडलेलं दार होतं. कुठल्याशा पडलेल्या घराचं ते सागवानी दार अप्पानं गाडीत घालून आणलं होतं. आमच्या चौकटीत ते बसेना, म्हणून विटांवर आडवं टाकलं ते तसंच राहिलं. आत्या त्यावर तूर निवडायची, शेवया वाळवायची. दुपारी ती लवंडली की दार आमचं. शाळेतून आणलेल्या खडूच्या तुकड्यानं मी त्यावर मुलूख काढायची. दाराच्या पितळी फुल्या म्हणजे किल्ले, लाकडातली भेग म्हणजे नदी, खालचा कुजका कोपरा म्हणजे ज्यातून कुणी परत येत नाही ते रान. आमच्या खेळाचं नावही तेच होतं, मुलूख.

खेळायला आम्ही तिघी. मी, कमळ आणि रबिया. रबियाचं घर आमच्या आळीला लागूनच होतं, मधे एक कुडाची भिंत. तिचा बाप पिंजारी. दिवसभर त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा टणत्कार ऐकू यायचा, टंग टंग टंग, आणि तो थांबला की जेवायची वेळ झाली असं आम्ही समजायचो. रबियाच्या डोक्यात तिच्या नानीनं सांगितलेल्या गोष्टी गच्च भरलेल्या होत्या. जिन्न, परी, दगड झालेले शहजादे. आमच्याकडे गोष्टी आत्याच्या, त्यात देवी आणि भुतं. अप्पानं बौद्ध धर्म घेतल्यापासून त्या गोष्टी घरात सांगायची बंदी होती, म्हणून आत्या त्या अप्पा रोडवर गेल्यावर सांगायची.

फाशाच्या जागी पाच कवड्या. त्या आत्याच्याच. धर्म घेतला त्या सालीच अप्पानं घरातले देवांचे टाक, देवीची परडी, मरीआईचा मुखवटा सगळं एका पोत्यात बांधून नाल्यात सोडलं होतं. आत्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ त्यात जायची, पण तिनं दोरा तोडला आणि कवड्या आमच्या खेळण्याच्या डब्यात ओतल्या. "पोरींच्या खेळातल्या हायत त्या," म्हणाली. अप्पाला कळत होतं. त्यानं डबा कधी उघडून पाहिला नाही.

खेळ असा. एक सांगणारी, दोघी चालणाऱ्या. सांगणारी बहुतेक मीच, कारण खडू माझा. वाटेत नदी, वाघ, चोर, चेटकीण काय यायचं ते मी सांगायची आणि त्यातून कसं सुटायचं ते चालणारीनं सांगायचं. मग कवड्या टाकायच्या. तीन उताण्या पडल्या तर सुटली. पण खरी मजा वस्तूंत होती. वाट चालायच्या आधी प्रत्येकीला एक वस्तू मिळायची आणि ती वस्तू आम्हीच बनवायचो. त्याचा नियम रबियानं घातला होता. गुण एकीनं सांगायचा, खोड दुसरीनं लावायची. खोड नसलेली वस्तू चालणार नाही. एकदा दिलेली वस्तू परत घेता येणार नाही. आणि गुण जसा खरा तशी खोडही खरी धरायची.

म्हणून आमच्या वस्तू वाकड्या होत. एका पायाची चप्पल होती. ती घातली की एका पावलात उमरगा, पण दुसऱ्या पायाला चालतच यावं लागायचं. बोलकी केरसुणी होती. घरात कोण येऊन गेलं ते सांगायची, पण सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. पळी होती, कधीच रिकामी न होणारी, पण शेजारच्या चुलीवर जे शिजत असेल तेच वाढणारी. कमळनं तिचा गुण सांगितला आणि खोड रबियानं लावली. कमळ डोकं खाजवत म्हणाली, "मग शेजारी उपाशी असले तर?" रबिया म्हणाली, "तो तू बी उपाशी." चुंबळ होती. डोक्यावर ठेवली की कितीही मोठी मोळी कापसासारखी व्हायची, पण तेवढं ओझं घरात ज्याच्यावर तुमचा जीव असेल त्याच्या डोक्यावर जायचं. ती चुंबळ कमळकडे आली की ती वापरायचीच नाही. डोंगर उचलायची वेळ आली तरी कवड्यांवर भरवसा टाकायची आणि हरायची. मी तिला म्हणायची, "अगं खेळ हाय, वापर की." ती म्हणायची, "आईच्या मानेला कळ लागल."

त्या वर्षी पलीकडच्या गावात देवीची साथ आल्याचं बाजारात बोलू लागले. अप्पा बाजारच्या दिवशी आला आणि आत्यानं नुसतं "मरीआई" म्हटल्याबरोबर पेटला. "देवी न्हाई, रोग हाय त्यो. तिला हात जोडून जात न्हाई, टोचून जातोय." जाताना मला बजावून गेला. "टोचणारा येणाराय ह्या आठवड्यात. तुला शाळेत टोचलंय. कमळला समोर उभी कर. तुझ्यावर हाय."

माझ्यावर होतं. हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणाला शोधायला नको.

शाळेत मला टोचलं होतं ते कमळनं पाहिलं होतं. त्या वेळी सुई नव्हती. दातऱ्या असलेली लहानशी चकती असायची, ती दंडावर टेकवून पिळायचे. कातडी फाटायची. मला आठ दिवस ताप होता, दंड सुजून भोपळा झाला होता, आणि रोज संध्याकाळी आत्या त्यातला पू कोमट पाण्यानं पुसायची तेव्हा मी घर डोक्यावर घ्यायची. कमळ ते सगळं कोपऱ्यातून बघत बसायची. टोचणारा आल्याची हाळी आळीत झाली तेव्हा ती माझ्या लुगड्याला लटकली. "अक्का, मला न्हाई. अक्का, मला न्हाई." मी तिला घेऊन तुरीच्या रानात पळाले. तूर डोक्याएवढी झाली होती, आत बसलं की कुणाला दिसत नाही. आत्यानं टोचणाऱ्याला सांगितलं, पोरी आईसंगं कामाला गेल्यात. तो म्हणाला, बाजार झाला की दुसऱ्या दिवशी परत येतो. राहिलेल्यांना टोचीन, टोचलेल्यांचे दंड बघीन. रबियाला आणि तिच्या भावंडांना त्याच दिवशी टोचलं. ती रडली नाही. संध्याकाळी कुडावरून दंड दाखवून म्हणाली, "इत्ता इच है गे. काइकू भागे तुम?"

मला लाज वाटली. पण कमळला समोर उभी करायची तर तिला धरून ठेवावं लागणार, ती किंचाळणार, हात माझेच. ते मला नको होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दाराशी बसलो. कमळ चालणारी होती आणि मी तिला वेशीपर्यंत आणलं होतं. वेशीवर एक म्हातारा पहारेकरी बसवला होता, त्याच्या हातात दातरी चकती. मुद्दाम बसवला होता. वाटलं, खेळात एकदा टोचून घेतलं तर खरंही घेईल. कमळनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अक्का, मला ह्याच्या समोरनं जायची वस्तू दे."

आणि मी दिली. शिक्का. राजाच्या घरचा, दंडावर उठवायचा. गुण मी सांगितला, हा शिक्का ज्याच्या दंडावर असेल त्याला मुलखातला कुठलाच पहारेकरी अडवणार नाही.

खोड लावायची पाळी रबियाची होती. ती चिंचोका चघळत होती, तो तिनं या गालातून त्या गालात केला. "जिसके हाथ पो शिक्का, उसकू कोई नै रोकता. और कोई नै पुछता बी. गिऱ्या तो नै पुछता, मऱ्या तो नै पुछता."

"चालतंय," कमळ म्हणाली. तिला फक्त वेशीतून जायचं होतं.

तिथं खेळ थांबला असता तर काही झालं नसतं. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं की हा शिक्का खरा करता येतो. आत्याच्या गाठोड्यात बिब्बे असत. बाळंतिणीला, पायात काटा मोडला की, जनावराला खूण करायला, सगळ्याला बिब्बा. दाभणानं टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं आणि कातडीला लागलं की फोड येतो. हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी बिब्बा तापवला, एरंडाच्या पोकळ देठाचं टोक तेलात बुडवलं आणि कमळच्या दंडावर गोल उठवला. रबिया म्हणाली, "नक्को गे." मी म्हटलं, "तू खोड लावलीस, आता गप बस."

दुसऱ्या दिवशी फोड आला. बिब्ब्याचा डाग काळा पडतो आणि टोचल्याचा लाल असतो, म्हणून मी त्यावर हळद-चुना कालवून लावला. आग झाली असणार. कमळनं पोत्याचं टोक दातात धरलं आणि आवाज काढला नाही. टोचून घ्यायला भ्यालेली पोरगी हे सगळं सोसत होती, कारण हे मी करत होते आणि हा खेळ होता.

बाजारच्या दिवशी अप्पा आला. दंड बघून त्यानं कमळला मांडीवर घेतलं. "कवा टोचलं गं?" ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "परवा." अप्पानं विचारलं, "रडली का?" मी म्हणाले, "न्हाई." ते खरंच होतं. अप्पानं रुमालात बांधून आणलेल्या गुळशेंगा सगळ्या तिच्या ओंजळीत ओतल्या आणि आत्याला म्हणाला, "बघ. आली का तुझी मरीआई आडवी?" आत्या तव्यावर भाकरी टाकत होती. तिनं भाकरी उलटली, वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टोचणारा आला. वरच्या आळीत तो ओट्यावर बसला होता, चहा प्यायला होता. आमच्या आळीत सायकलवरून उतरला नाही. एक पाय जमिनीला टेकवून वही उघडली आणि लांबूनच कानडीत म्हणाला, "कै तोर्सम्मा." हात दाखव. कमळनं दंड दाखवला. त्यानं बघितल्यासारखं केलं, मागच्या फेरीला कोण राहिलं होतं ते पान उलटून पाहिलं नाही आणि वहीत खूण केली. हातात धरून बघितलं असतं तर बिब्बा त्याला लगेच कळला असता. पण माझं पाप मी त्याच्या सायकलवर लादणार नाही. तो गेल्यावर कमळ आळीतून राणीसारखी चालत गेली, दंड पुढं काढून. आम्ही तिघी हसून हसून लोळलो.

तूर काढणीला आली तेव्हा कमळला ताप आला. तीन दिवस नुसता ताप आणि कंबरदुखी. चौथ्या दिवशी तोंडावर पुरळ उठलं आणि आत्यानं मला चुलीपासून बाजूला केलं. त्या दिवसापासून घरात फोडणी बंद. जिऱ्या-मोहरीचा वास देवीला चालत नाही म्हणून नुसतं उकडलेलं वरण, कण्या आणि थंड अंबील. दारात कडुलिंबाचे डहाळे. कुणी केस विंचरायचे नाहीत, सुईदोरा धरायचा नाही. आत्यानं पिंजाऱ्याला निरोप पाठवला आणि त्यानं धनुकली खुंटीला टांगली. त्याच्या पोटावर पाय आला. ते आठ-दहा दिवस आळीत इतकी शांतता होती की दारावर माशी बसली तरी कळायचं.

अप्पाला बोलावणं गेलं. तो आला, पोरीकडं बघितलं आणि आडव्या दाराच्या कडेला बसला. अंगावर पुरळ इतकं उठलं होतं की दंडावरचा डाग त्यात बुडून गेला होता. "टोचलेलीला कशी आली?" त्यानं कुणालाच विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मी डहाळा हलवत होते.

आत्यानं उत्तर दिलं. "टोचूनबी आली. तिला टोचण्यानं आडवतूस का तू? तिला पोत्यात घालून नाल्यात सोडलास, ती आता घरला आली."

अप्पा एक दिवस भांडला. कमळला आमच्या तालुक्याच्या गावी, कल्याणला, दवाखान्यात न्यायचं म्हणून गाडी बघत हिंडला. देवी आलेलं लेकरू गाडीत घ्यायला कुणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीवर गेला, अंगावर पाणी ओतून घेतलं आणि ओल्या धोतरानं मरीआईच्या दगडाला फेऱ्या घालायला लागला. आळी बघत होती. देव नाल्यात सोडताना याच आळीला त्यानं सांगितलं होतं की दगडात काही नसतं. तो फेऱ्या मोजत नव्हता. अंगावरून गळलेल्या पाण्यानं पायाला माती चिकटत होती, तो चालतच होता. मी कुडापाशी उभी राहून ते पाहिलं.

रबिया पलीकडून म्हणाली, "बोल दे गे."

"आता बोलून काय व्हायलंय? ती बरी झाली की सांगते."

"और मर गई तो?"

मी आत निघून गेले. मला मार बसेल म्हणून मी गप्प होते असं पुढं मी स्वतःला सांगत आले. तेही खरं नाही. अप्पानं मला कधी बोट लावलं नव्हतं. तो ओल्या धोतरानं दगडाभोवती फिरत होता, ते माझ्यामुळं, हे त्याला कळू नये म्हणून मी गप्प होते. जितक्या फेऱ्या वाढत गेल्या तितकं सांगणं अवघड होत गेलं.

कमळ पुरळ उठल्यापासून दहाव्या दिवशी दुपारी गेली. शेवटी तिचे डोळे मिटलेले होते आणि बोलणं बंद होतं. तिला नाल्यापलीकडं पुरली. आईनं रडायला तोंड उघडलं, तेव्हा आत्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. देवीनं नेलेल्याला रडायचं नाही. एवढंच लिहिते. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही आणि लिहून उपयोगही नाही.

चार-पाच दिवसांनी जीप आली. मेलेल्याची खबर वर गेली होती. दोघे पुरुष, एक बाई आणि टोचण्याची पेटी. आळीतल्या सगळ्यांना पुन्हा टोचायचं होतं, सायकलवाल्याच्या फेरीनंतर जन्मलेल्यांना तर आधी. आळीनं दारं लावून घेतली. शेजारची कोंडाकाकू उंबऱ्यात आडवी उभी राहिली, कुशीत दोन महिन्यांचं पोर. "टोचून काय व्हायलंय? आमच्या शंकरभाऊच्या पोरीला टोचलंच हुतं की. पोर टोचूनबी गेली. कामून लेकरांची कातडी फाडायलाव?" बाकीच्या दारांतूनही हेच. टोचलं होतं, तरी गेली. टोचलं म्हणूनच गेली, असंही एकजण म्हणाला.

जीपमधली बाई आमच्या दाराशी आली. तिनं वही उघडून अप्पाला विचारलं, "तुमच्या मुलीला टोचलं होतं? इथं खूण आहे."

अप्पा भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "व्हय. टोचलं हुतं." मग म्हणाला, "काई उपेग झाला न्हाई."

आळीत टोचायला हवं असं सांगणारा तो एकटा माणूस होता. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं. पुरुषांपैकी एकानं पेटी उचलली. कुडापाशी रबिया उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्या बाईकडं बघत होती आणि तिनं तोंड उघडलं होतं. ती बोलणार हे मला कळलं. तिनं बोलण्याआधी मी बोलले. लोक याला धाडस म्हणतील, पण ते तेवढंच होतं.

"कमळला टोचलं नव्हतं. मी बिब्बा लावला."

अप्पाला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही असं वाटलं. त्यानं मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं, तुरीचं रान, बिब्बा, देठ, हळद-चुना, सगळं. तो उठला. माझं मनगट धरलं, आवळलं नाही, नुसतं धरलं, आणि मला कोंडाकाकूच्या दारात नेऊन उभं केलं. "बोल."

"कमळला टोचलं नव्हतं. मी बिब्बा लावला."

कोंडाकाकूनं आधी माझ्याकडं बघितलं, मग अप्पाकडं. "काय बोलायलीय ही?"

"खरं बोलायलीय. पोराला टोचून घे," अप्पा म्हणाला आणि मला पुढच्या दाराकडं घेऊन गेला. मागून जीपवाले पेटी घेऊन येत होते. प्रत्येक दारात तीच दोन वाक्यं. एका दारात म्हाताऱ्यानं माझ्या पायाजवळ थुंकलं. एका बाईनं दार आपटलं, पण घटकाभरानं मागच्या अंगानं तिची दोन्ही पोरं बाहेर आली. सातव्या दारापर्यंत माझा आवाज बसला होता. तिथला घरधनी म्हणाला, "शंकर, लेकरू हाय. सोड आता."

"अजून दारं हायत," अप्पा म्हणाला.

त्या दिवशी आळीतल्या बहुतेक लेकरांना टोचलं. त्यानंतर आमच्या आळीत देवीनं कुणी गेलं नाही. हे माझ्या बाजूनं सांगत नाही. झालं ते सांगते.

आत्याला ठाऊक होतं का, हे मी तिला मरेपर्यंत विचारलं नाही. तिच्या गाठोड्यातले बिब्बे ती नेहमी बघून ठेवायची, एक कमी झाला तर तिला कळायचं. अप्पा परत कधी त्या दगडाकडं गेला नाही आणि धर्माबद्दल कुणाशी बोललाही नाही. रबियाचं वर्षा-दोन वर्षांत हुमनाबादला लग्न झालं. आम्ही भेटलो तर बोलायचो, पोरांबद्दल, भावाबद्दल. मुलूख परत मांडला नाही. कवड्यांचा डबा आत्यानं कुठं ठेवला, मला माहीत नाही.

बाराव्या दारानंतर मला वाटलं झालं. अप्पानं मनगट सोडलं नाही. त्यानं मला आमच्या स्वतःच्या दारात आणून उभं केलं. आई आत जात्यापाशी बसली होती. आळीत काय चाललंय ते तिला एव्हाना ऐकू गेलं असणार, पण ती उठून बाहेर आली नव्हती. खुंट्यावर हात होता, जातं फिरत नव्हतं. अप्पा म्हणाला, "बोल."

मी बोलले. बारा दारांत बोलले तेच, त्याच शब्दांत.

आईनं खुंट्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "बिब्ब्यानं लई आग होती. दुखलं आसंल तिला."

"व्हय," मी म्हणाले.

"किती दिस?"

"तीन दिस. हळद-चुना लावला तवा जास्त."

"रडली?"

"न्हाई."

आईनं मान हलवली. जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकली आणि दळायला लागली.